तिसऱ्या हाकेची ओ

एका राज्यात प्रचंडसेन नावाचा राजा होता. त्याला धनगरांच्या जुन्या बोलीचा भारी तिटकारा. का, ते विचारायची कोणाची छाती होईना. त्याने मांत्रिकाकडून मंत्र टाकवला : त्या बोलीत जो तीन हाका मारील आणि ज्याला एकाही माणसाची ओ मिळणार नाही, तो लांडगा होईल. ओ मिळाली तर मंत्र तुटेल. पण ओ देणाऱ्याची जीभ छाटू, अशी दवंडीही पिटवली. मग कोण मरायला ओ देतो? बघता बघता रान लांडग्यांनी भरलं, आणि ती बोली त्यांच्याच तोंडी उरली.

लिंबाईचा नवरा म्हाकू असाच लांडगा झाला. उद्या राजा लांडग्यांच्या शिकारीला निघणार, ही खबर साळुंकीने तिला सांगितली. लिंबाई उठली ती थेट रानात गेली. तिथे एका म्हाताऱ्या लांडगिणीने तिला जवळ बसवून घेतलं. ही राजाची दाई. आईविना पोर, हिच्याच दुधावर धनगरवाड्यात वाढलं, आणि मोठेपणी तिथल्या बोलीचीच त्याला लाज वाटू लागली. म्हातारीच्या हाका राजवाड्याच्या भिंतींबाहेरच विरल्या होत्या. तिने राजाचं पाळण्यातलं नाव लिंबाईच्या कानात सांगितलं.

लिंबाईने बाजारात आपल्या बोलीत हाक मारली. लोकांनी माना खाली घातल्या, अन् तिच्या हातांवर केस उगवले. वेशीत मारली. दारं धडाधड लागली, बोटांना नख्या फुटल्या. "मेल्यांनो, तोंडात गुळणी धरलीत काय?" म्हणाली, आणि तशीच दरबारात शिरली. नख्या बघून पहारेकरी बाजूला झाले.

"बाई, गप्प राहा," राजा म्हणाला. "माफी देतो."

"माफी नको. माझी बोली मी टाकणार नाही."

मग तिन्हीसांजेला पोरांना बोलावतात तशा लांब सुरात तिने तिसरी हाक दिली.

"भुऱ्या गा, सांज जाली, घरां ये!"

"ओ!"

राजाने तोंडावर हात ठेवला, पण ओ केव्हाच निघून गेली होती. मंत्र काचेच्या बांगडीसारखा फुटला. रानातून माणसं चालत आली. म्हाकू सगळ्यांच्या पुढे होता, दाई काठी टेकत मागून येत होती.

लिंबाईने नितळ झालेले हात पदराला पुसले. "महाराज, ओ देणाऱ्याची जीभ छाटायची होती ना? छाटा आता."

राजा सिंहासनावरून उतरला, दवंडी मागे घेतली म्हणाला, आणि दाईच्या पायांशी बसला.

"आलों वो माये," तो म्हणाला.

त्यांच्या हाकेला मिळाली, तशी ओ तुमच्याही हाकेला मिळो.