मेखलेची कात

युद्ध पुकारणारे तुम्ही राजे, मरणारे मात्र दुसरेच. नाग आणि गरुड लढत, त्या काळीही हेच होतं.

द्वंद्वात एकाला मरावंच लागे. पण कात टाकलेल्या नागाचं अंग घट्ट होईपर्यंत त्याच्यावर वार करायचा नाही, असा नियम होता. म्हणून द्वंद्वाला आलेला गरुडवीर सुपक्ष नुकतीच कात टाकलेल्या नागयोद्धी मेखलेवर पंखांची सावली धरून थांबला. थांबता थांबता दोघांचा एकमेकांवर जीव जडला.

"झालं का गं अंग घट्ट?" तो रोज विचारी.

"नाही रे, कोवळंच आहे."

शेवटी चिडलेल्या नागराजाने खेकड्याला तपासायला पाठवलं. त्याने मेखलेला चिमटा काढला, तर त्याचीच नांगी मोडली. वर सुपक्षाचे पंख थरथरत होते.

मोडकी नांगी लपवत खेकडा परतला. म्हणाला, "फारच कोवळं आहे, महाराज. अजून थांबावं लागेल."