‘या’ आणि ‘जा’

विषय: हाकेत जादा शब्द वापरण्यास परवानगी मिळणेबाबत. संदर्भ: फार पूर्वी, प्राणी बोलत असत आणि अर्जही करत असत, तेव्हाची घटना.

उंच झाडावरचा वानर पाणवठा न्याहाळून पलीकडच्या चितळांना हाक देई. पाणवठा मोकळा असला तर ‘या’, बिबट्या असला तर ‘जा’. जंगलाचा कारभार पाहणाऱ्या अस्वलसाहेबांचा नियमच होता: एका हाकेला एक अक्षर, श्वासाची उधळपट्टी नको.

एका वादळी दुपारी बिबट्या पाण्याकाठी दबा धरून बसला. वानर ओरडला, “जा!” वाऱ्याने ‘ज’ खाल्ला. चितळांची म्होरकी ठिपकी, तिला नुसता ‘आ’ ऐकू आला.

“‘या’च म्हणाला असेल,” ती म्हणाली. तहानलेल्याला दुसरं काय ऐकू येणार? तिचं पाडस पुढे धावलं.

वानराने नियम गुंडाळून ठेवला. “जा, मागे फिरा, डोंगर गाठा!”

वाऱ्याने पुन्हा ‘ज’ खाल्ला, ‘डोंगर’ अर्धा चावला. पण ‘मागे फिरा’ शाबूत पोचलं, आणि त्यावरून उरलेलंही जुळलं. ठिपकीने ढुशी देऊन पाडसाला वळवलं. बिबट्याची झेप चिखलात पडली.

“दादा, तुमच्यामुळे लेकरू वाचलं.”

“ते राहू दे. साहेबांनी चार जादा शब्दांचा खुलासा मागितलाय.”

वानराने रीतसर अर्ज केला. वाटेत काही पुसलं तरी कळावं म्हणून मागणी तीन प्रकारे लिहिली. शेरा आला: “मजकुरात पुनरुक्ती आहे. एका अक्षरात फेरसादर करावा.”

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.