किर्र कोणाची

एका तालुक्याच्या गावात वामनराव नावाचे एक कानसेन राहत होते. ही पदवी त्यांना कोणी दिली नव्हती, त्यांनी ती स्वतःच घेतली होती. माडीवरच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून त्यांनी रेकॉर्डिंगची सोय केली होती. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये त्यांनी आपल्या हाताने साऊंड कार्ड बसवलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला चहाच्या आधी त्या कार्डाचं कौतुक करावं लागे.

त्याच गावात पाळंदेबाई होत्या. वामनरावांना चौथीत त्यांनीच शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्या दर शनिवारी अंधशाळेत जाऊन मुलांना गोष्टी वाचून दाखवत. एक दिवस बाईंच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी दहा दिवसांनंतरची तारीख दिली आणि स्पष्टच सांगितलं, की ऑपरेशननंतर आवाज राहीलच असं नाही. तोवरही दिवसाला अर्धाच तास बोलायचं.

बाईंनी ठरवलं, दहा दिवसांत दहा गोष्टी रेकॉर्ड करून मुलांना द्यायच्या. तो अर्धा तास त्यांनी गोष्टींसाठी राखून ठेवला. बाकी सगळं, अगदी पाणी मागणंसुद्धा, त्या पाटीवर लिहून करू लागल्या.

पहिल्या दिवशी बाईंनी गोष्ट वाचली. वामनरावांनी ती स्पीकरवर लावली, माउस मागेपुढे केला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, किर्र येतेय. घसा खराब आहे तुमचा."

त्यांनी गोष्ट पुसून टाकली. "खराब माल मी ठेवत नाही. ऑपरेशन झालं की निवांतपणे पुन्हा घेऊ."

बाईंनी पाटीवर लिहिलं, 'आवाज राहील की नाही ठाऊक नाही.'

"राहील हो, काळजी कसली करता," वामनराव म्हणाले. दुसऱ्याच्या घशाबद्दल अशी खात्री द्यायला पैसे पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही तेच. बाई गोष्ट वाचायच्या, वामनराव ती ऐकून पुसायचे. चौथ्या दिवशी बाईंनी नीट लक्ष दिलं. गोष्टीत त्या जिथे थांबल्या होत्या, तिथेही किर्र होती. त्यांनी लिहिलं, 'मी तोंड मिटलं होतं. तुझा हात माउसवर हलला की किर्र येते.'

वामनराव हसले. "बाई, तुम्ही मला मराठी शिकवलंत. कॉम्प्युटर मी शिकलो."

बाईंचा संताप झाला. पण रागवायलाही आवाज लागतो, आणि तो त्यांना मोजून मिळाला होता. त्यांनी पाटी पुसली आणि त्या घरी गेल्या.

पाचव्या दिवशी मुबारक रेडिओवाला एक छोटा डबा घेऊन दारात आला. किर्रची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. "वामनराव, तुमचं कार्ड कॉम्प्युटरच्या पेटीत, पंख्याच्या शेजारी बसलंय. पेटीतली सगळी खुडबुड त्याच्यात शिरते. हा डॅक कार्डाचंच काम करतो, पण पेटीच्या बाहेर राहतो, त्याला ती बाधत नाही. एकदा लावून तर बघा."

"माझ्या कार्डात खोट काढतोस?" असं म्हणून वामनरावांनी दार लावून घेतलं.

कार्ड चांगलं की डबा चांगला, यावर दोघं तासभर भांडले असते तरी चाललं असतं. दोन्ही लावून ऐकायला मात्र तीन मिनिटं पुरली असती. ती तीन मिनिटं या गृहस्थाकडे नव्हती. बाईंचे दहा दिवस मात्र त्याने खुशाल खर्चाला काढले होते.

नऊ दिवसांत नऊ गोष्टी पुसल्या गेल्या. दहाव्या दिवशी बाई येताना मुबारकच्या दुकानात थांबल्या आणि त्यांनी पाटी त्याच्यासमोर धरली. 'डबा घेऊन चल. मी सांगते म्हणून.'

बाईंनी दहावी गोष्ट वाचली. आवाज आता फाटत होता, तरी त्यांनी ती तडीस नेली. वामनरावांनी स्पीकर लावला, किर्र आली, आणि त्यांचा हात पुसायला निघाला. बाईंनी तो मनगटाशी धरला. मुबारकने स्पीकरची वायर कार्डातून काढून डब्यात घातली आणि तीच गोष्ट पुन्हा लावली.

किर्र नव्हती. माउस हलवला तरी नव्हती. बाईंचा दमलेला, पण स्वच्छ आवाज खोलीभर आला.

"माईक तुमचा कार्डातून नाही, वेगळ्या वाटेने जोडलाय," मुबारक हळूच म्हणाला. "रेकॉर्डिंगमध्ये किर्र कधी नव्हतीच. ती तुमच्या ऐकण्याच्या वाटेवर होती."

म्हणजे पुसलेल्या नऊच्या नऊ गोष्टी धडधाकट होत्या. मुबारकने त्या परत आणायची पुष्कळ खटपट केली, पण त्या जागेवर केव्हाच दुसरं काही लिहिलं गेलं होतं.

वामनराव खाली मान घालून बसले. "बाई, मला काय माहीत..."

बाईंनी पाटी उचलली, पेन्सिल हातात घेतली आणि दोन्ही खाली ठेवून दिल्या. दहा दिवस पाणीसुद्धा लिहून मागणारी ती बाई तोंडाने बोलली.

"माहीत नव्हतं म्हणून नाही, वामन. बघायचं नव्हतं म्हणून. आता उरलेल्या नऊ तू वाच."

ऑपरेशननंतर बाईंचा आवाज परत आला नाही. त्या पाटी घेऊन रोज माडीवर येत आणि वामनराव माईकसमोर बसत. त्या डब्यातून त्यांचा स्वतःचा आवाज जसाच्या तसा ऐकू येई: गिळलेले शब्द, चुकलेले श्वास, अडखळणं, सगळं. आता दोष द्यायला कोणाचा घसा समोर नव्हता. बाई पाटी वर धरत. तिच्यावर एकच शब्द असे, 'पुन्हा.' एकदा सवयीने वामनरावांचा हात पुसायला गेला, तेव्हा बाईंनी त्याच्यावर पाटीची कड मारली. तो वळ आठवडाभर होता.

अंधशाळेत आता दहा गोष्टी आहेत. मुलं बाईंच्या आवाजातली दहावी आधी लावायला सांगतात आणि ती संपली की पुन्हा तीच मागतात.

तात्पर्य: दुसऱ्याच्या आवाजात खोट काढण्याआधी आपण तो कशातून ऐकतो ते तपासून घ्यावं, आणि तेवढीही तसदी घ्यायची नसेल, तर निदान त्याचं काम पुसून टाकू नये.