स्फटिककुंडाचा वर

पूर्वी कृतयुगात, देव अजून मनुष्याच्या हाकेला ओ देत असत त्या काळी, शुभ्रतोया नदीच्या तीरी, पलाश-शमींच्या छायेत तृणवल्क ऋषींचा आश्रम होता. हरिणे निर्भय, होमधूम अखंड, आणि मध्यभागी ऋषींनी स्वहस्ते खोदलेले कुंड! पण पर्जन्यकाळ आला की त्या कुंडाचे पाणी गढूळ होई, त्याला दुर्गंधी सुटे, आणि ग्रामजन नाक मुरडून डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जात. अहो, तपस्वी झाला तरी मानापमान कुणाला सुटला आहे? ऋषींच्या ते जिव्हारी लागले. त्यांनी बारा वर्षे घोर तप केले.

पाशधर वरुण प्रकट झाला. "तपोधना, वर माग!"

"हे जलाधिपते, माझ्या कुंडाचे पाणी कधी गढूळ होऊ नये, त्याला कधी वास येऊ नये!"

"ऋषे, गढूळ होऊनच पाणी सांगते, मला पिऊ नका. त्याचे तोंड बांधू नकोस."

"देवा, शब्द दिलास, आता मागे सरू नकोस!"

"तथास्तु," वरुण खिन्नपणे म्हणाला.

कुंड स्फटिकासारखे झाले. लोक झरा विसरले, त्याची वाट गवताने बुजली. पुढे एका पुरात सूक्ष्मदंष्ट्र नावाचा असुर, मोहरीहून लहान रूप धरून, मेलेल्या गुरांसंगे कुंडात शिरला. पाणी मात्र तळ दाखवीत राहिले. घरोघर वांती-अतिसाराने माणसे आडवी झाली. आता आश्रमाचा नेम असा, की रुग्णाला ऋषींनी स्वहस्ते कुंडाचे तीर्थ द्यायचे. जितके रुग्ण वाढले, तितके कमंडलू भरले गेले.

शेवटी ऋषींची एकुलती कन्या नीवारा अंथरुणाला खिळली.

"तात, तीर्थ घेतले की पोटात अधिकच कालवते," ती क्षीण स्वरात म्हणाली.

"श्रद्धा ठेव, बाळे. आणखी एक ओंजळ." आणि ऋषींनी ती पाजली.

तिसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेले. ऋषी कमंडलू भरायला वाकले, तोच कुंडातून हास्य उमटले. "ये ऋषे, ये! गढूळ पाण्यात मला कोण पीत होते? हे घर मला तूच दिलेस!"

ऋषींनी कमंडलू दूर भिरकावला. त्यांनी आक्रोश केला, "वरुणा, वर परत घे! माझे तप घे, आयुष्य घे!"

"दिलेला वर आम्हा देवांना परत घेता येत नाही," वरुण मान खाली घालून म्हणाला. "तुझ्यासारखाच मीही बांधला गेलो आहे."

तेव्हा होमकुंडातून अग्नी बोलला, "पाणी खळखळून उकळेपर्यंत माझ्यावर ठेव, त्यात असुर उरणार नाही. पोटात गेलेल्याला मात्र माझा हात पोहोचत नाही."

ऋषींनी पात्र चढवले. पाणी उकळले, पण निवेना. पळसाच्या पानाने वारा घालीत ते पात्राला विनवू लागले, "निव ग बाई, लवकर निव!" ज्यांच्या तपाने त्रैलोक्य हलले, त्यांना वाटीभर पाणी लवकर निववता येईना. अखेर निवलेले पाणी त्यांनी लेकीच्या ओठांना लावले. ते ओठांच्या कडेने खाली ओघळले.

तो वर अजून मागे फिरलेला नाही. म्हणून आजही पाणी आरशासारखे दिसले तरी जाणती माणसे ते आधी चुलीवर चढवतात. ही कथा ऐकून पुण्य लागेल की नाही, ते मला ठाऊक नाही. पण ऐकणाऱ्याने उठून घरचे पाणी उकळायला ठेवले, तर त्या बापाने वारा घातला तो अगदीच वाया गेला नाही, असे म्हणता येईल.