पथ्याबाहेरचं आइस्क्रीम

"…आणि हिरव्या मिरचीचंही करतोस म्हणे?"

शेडबाळकरबुवांनी हे विचारलं तेव्हा पद्माकर चौगुले अजून उंबऱ्याबाहेरच उभा होता. एका हातात चपला, दुसऱ्या हातात थर्माकोलची पेटी. नमस्कार करायचा तर दोन्ही खाली ठेवायला हवं, आणि तेवढंही त्याला सुचत नव्हतं.

इतक्या वर्षांनी दारात उभं राहिल्यावर बुवा काय म्हणतील, याचा विचार तो जयसिंगपूरपासून मिरजेपर्यंत एसटीत करत आला होता. 'कोण आपण?' म्हणतील. किंवा 'या' म्हणतील, म्हणजे 'ये' म्हणणार नाहीत. काहीच म्हणणार नाहीत, ही भीती सगळ्यांत मोठी. मिरचीचं मात्र त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"करतो," तो म्हणाला. "पेरूत घालून."

"हं… आत ये."

बुवा म्हणजे मिरजेतले जुने गवई. वय ऐंशीच्या घरात, आवाज अजून खणखणीत. या वयात गवयाचा आवाज टिकतो तो काही फुकट टिकत नाही. बुवांनी उभ्या जन्मात चिंच खाल्ली नव्हती, दही नाही, भाजलेले शेंगदाणे नाहीत, मिरची नाही, बोरं नाहीत. बर्फाचं तर नावच नको. ऐन वैशाखात पाणी प्यायचं तेही कोमट. त्यांच्या लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची बादली नवऱ्यामुलाला वळसा घालून पुढे गेली होती, असं जुनी माणसं अजून सांगतात.

घरी राहून शिकणाऱ्या मुलांनाही तोच कायदा. पद्माकर त्या घरात आला तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते आणि बाहेर पडला तेव्हा मिशा फुटल्या होत्या. एवढ्या काळात त्याने एकदाच चोरून बोरं खाल्ली. खिशात बिया सापडल्या. बुवा रागावले नाहीत, हात उचलला नाही. नुसता सा लावायला सांगितला, आणि पुरे म्हणायचं विसरून गेले. शेवटी काकूंनी, म्हणजे बुवांच्या बायकोने, ताट वाढलंय असं खोटंच सांगून त्याला सोडवलं.

बुवा आपल्या गुरूंच्या पुण्यतिथीला दरवर्षी संध्याकाळी दत्तमंदिरात गातात. एका वर्षी त्यांनी आपल्या आधी पद्माकरला बसवलं. मिरजेतले जाणते कान सगळे समोर. गाणं चांगलं चाललं होतं. मग वरच्या सावर त्याचा आवाज फुटला. असा फुटला की मागे बसलेलं कुणीतरी फिस्सकन हसलं.

पद्माकरने बुवांकडे पाहिलं.

बुवांनी मान खाली घातली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो घर सोडून गेला. कुणी अडवलं नाही, कुणी बोलवायलाही आलं नाही. जयसिंगपूरला चुलतभावाच्या रसवंतीत बसला. पुढे हाताने फिरवायचा लाकडी पॉट घेतला, भोवती बर्फ आणि खडेमीठ भरलं आणि आइस्क्रीम करू लागला. आज त्याच्या दुकानापुढे कोल्हापूर-सांगलीच्या गाड्या लागतात. तिथे व्हॅनिला कुणी मागत नाही. चिंचगुळाचं मागतात, भाजलेलं जिरं घातलेल्या कवडी दह्याचं मागतात, शेंगदाण्याचं मागतात आणि वर लसणीच्या तिखटाची चिमूट. माणूस पहिल्यांदा तोंड वाकडं करतो आणि दुसऱ्यांदा येताना सगळी सासुरवाडी घेऊन येतो.

एवढं सगळं चांगलं झालं. पण गाणं म्हणून पद्माकरने पुन्हा तोंड उघडलं नाही. दुकान बंद करून घरी जाताना तो साधी शीळसुद्धा घालत नसे. बायकोने एकदा विचारलं, तेव्हा घसा बरा नाही म्हणाला. ते उत्तर त्याने आजवर बदललं नव्हतं.

आज तीच पुण्यतिथीची तिथी. पौषातली दुपार, संध्याकाळी बुवांचं गाणं. लोक जमायच्या आत परतीची गाडी पकडायची, असं पद्माकरने ठरवलं होतं. फक्त एक विचारायचं होतं. ते विचारल्याशिवाय आता त्याला झोप लागेनाशी झाली होती.

त्याने पेटी ठेवली, बुवांच्या पायांवर डोकं टेकलं आणि टेकूनच विचारलं. वर बघून विचारायची हिंमत नव्हती.

"बुवा… मी वाया गेलो का?"

काकू पाण्याचं फुलपात्र घेऊन दारातच थांबल्या.

"पेटी उघड," बुवा म्हणाले. "वितळेल ते."

पद्माकरने झाकण काढलं. सगळ्यांत वर साध्या दुधाचा डबा होता, तो त्याने बुवांसाठीच आणला होता. बुवा खाणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. पण बोटाला लावून चाखलंच, तर निदान एवढं त्यांच्या घशाला सोसेल, असा त्याचा हिशेब. बाकीचे डबे नुसते दाखवायला आणले होते, कुणी वह्या दाखवायला आणतो तसे.

बुवांनी दुधाचा डबा उचलून काकूंकडे सरकवला. हे तुला, म्हणाले. मग पेटीत डोकावून पाहिलं.

"बोराचं कुठाय?"

पद्माकरने पेटीच्या तळातून तो डबा काढला आणि चकित होऊन बुवांकडे पाहिलं. बोराचं आइस्क्रीम तो फार थोडे दिवस करतो, बोरं असतील तोवर. पाटीवर त्याचं नावही नसतं. जवळच्या गिऱ्हाइकांखेरीज कुणाला माहीत नाही.

काकूंना हसू लपवता येईना. त्या म्हणाल्या, "तिकडनं कुणीबी येऊ दे. हे आधी विचारतात, आता नवं काय काढलंय त्यानं. गाण्याचं मागनं."

बुवांनी हे ऐकलं नाही असं दाखवलं. चमचा आण, एवढंच म्हणाले. काकूंनी दोन आणले.

पद्माकर घाबरला. आज गाणं आहे, गार आहे, आंबट आहे, उद्या पाठवून देतो, असं बरंच काही तो एका दमात बोलला. शेवटी हात जोडले.

"बुवा, संध्याकाळी गायचंय तुम्हाला."

"ठाऊक आहे."

आणि त्यांनी चमचा तोंडात घातला.

खांदे कानांपर्यंत गेले. डोळे घट्ट मिटले. त्यांनी जन्मात पहिल्यांदा एवढं गार काही तोंडात घेतलं होतं, आणि आता ते चावायचं की गिळायचं हेच त्यांना कळेना. काकू हसता हसता घाबरल्या. मग पद्माकर जवळ सरकला आणि त्याने हळू आवाजात सांगितलं, की घाई नाही करायची, जिभेवर ठेवायचं, आपोआप विरघळू द्यायचं. बुवांनी आज्ञाधारक मुलासारखी मान हलवली. पुढचा चमचा त्याने सांगितला तसा खाल्ला.

"बी काढून घेतोस?"

"होय. गर चाळून घेतो. सालीसकट उकळायचा, नाहीतर वास जातो."

"हं…"

मग चिंच झाली. मग दही. दह्याला त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त काकूंना आपल्या चमच्याने एक घास दिला. इतक्या वर्षांत काकूंनीही त्या घरात दही लावलं नव्हतं. त्यांनी तो घास तोंडात बराच वेळ ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला.

शेंगदाण्याचं संपलं. मिरचीचा डबा पुढे आला. बुवांनी घास घेतला आणि वाट पाहिली. आधी पेरू, मग गारवा, मग काहीच नाही… आणि मग त्यांच्या भुवया वर गेल्या.

"उशिरा येते," ते खूश होऊन म्हणाले. "पण समेवर येते."

इतका वेळ धरलेलं पद्माकरचं बळ या वाक्याने सुटलं. कौतुक त्याला सोसेना. शिव्या खायची तयारी करून आलेल्या माणसाची हीच पंचाईत असते.

"बुवा, नका म्हणू तसं," तो म्हणाला. "हे चांगल्या मनानं केलेलं नाही."

बुवांनी चमचा खाली ठेवला.

"तुम्ही जे जे नको म्हणायचात ना, त्याचंच एकेक केलं. चिंच नको. केलं चिंचेचं. दही नको. केलं दह्याचं. लोकांना वाटतं, काय डोकं आहे याचं. डोकं कसलं, राग होता. तुमच्यावरचा. अजून आहे."

काकूंनी दुधाचा डबा हळूच बाजूला ठेवला.

बुवांनी चटईवरच्या डब्यांकडे पाहिलं. एक डबा उचलून इकडे ठेवला, एक तिकडे. सगळे एका ओळीत लावले. मग पहिल्यावर बोट ठेवलं.

"चिंच," ते म्हणाले. बोट पुढे गेलं. "दही… शेंगदाणे… मिरची… बोरं."

नव्या मुलाला पहिल्या दिवशी समोर बसवून ते पथ्य सांगायचे, ते याच क्रमाने. पद्माकरने ते एकदाच ऐकलं होतं, दुधाचे दात पडत होते तेव्हा.

"एकही विसरला नाहीस," बुवा म्हणाले.

पद्माकरला रडू फुटलं. चारचौघांत नावाजलेला दुकानदार, कानाशी केस पांढरे झालेले, आणि तो गुडघ्यांत डोकं घालून लहान पोरासारखा रडला. रागावले असते तर सोपं गेलं असतं. रागाला त्याच्याजवळ उत्तरं तयार होती. त्याला त्या क्षणी एवढंच कळत होतं, की या माणसावर आपलं फार प्रेम आहे आणि ते कधी कमी झालंच नाही.

बुवांनी त्याच्या पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. तशी त्यांना सवय नव्हती. त्यांनी बोराचा डबा पुन्हा जवळ ओढला आणि खाऊ लागले.

रडणं ओसरल्यावर पद्माकरने डोळे पुसले. आता इतकं बोललोच आहे तर हेही, असं म्हणून त्याने तळाशी राहिलेलं बोलून टाकलं.

"त्या दिवशी तुम्ही मान खाली घातलीत."

चमचा डब्यात थांबला.

काकू बुवांकडे बघत राहिल्या. बाहेर कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"घातली," बुवा म्हणाले.

…

त्यांनी कारण सांगितलं नाही, सारवासारव केली नाही. फक्त चमचा मोठा भरू लागले. बोराचं संपवलं, चिंचेचा तळ खरवडला. पद्माकरला वाटलं, म्हातारपणी जिभेला चटक लागते म्हणतात ती हीच. मग काकूंनी काहीतरी विचारलं आणि बुवांनी उत्तर दिलं, ते ऐकून त्याने चमकून वर पाहिलं. तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे. ओल्या लाकडावर करवत चालवावी तसं काहीतरी बाहेर आलं.

त्याने दह्याचा डबा त्यांच्यापुढून ओढला. बुवांनी तो दुसऱ्या बाजूने धरून ठेवला. क्षणभर गुरुशिष्य दोघेही एकच डबा धरून बसले होते, आणि जोर म्हाताऱ्याचा जास्त होता.

"बुवा, सोडा. घसा बसलाय तुमचा. मंदिरात लोक यायला लागतील आता."

बुवांनी डबा सोडला. उपरण्याने मिशा पुसल्या, ताठ बसले आणि सा लावून पाहिला. नुसती हवा आली. पुन्हा लावला. पुन्हा हवाच. ते काकूंकडे बघून गालात हसले. काकू काही न बोलता उठल्या आणि कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी सोडू लागल्या.

पद्माकरला आता कळलं. तो उठून उभाच राहिला. त्याने सगळं सांगून पाहिलं. रियाज नाही, गळा गंजला, चिजा आठवत नाहीत, परतीची गाडी आहे, दुकान उघडायचंय. काकू गवसणीची घडी घालत होत्या, बुवा ऐकत होते. शेवटी सांगण्यासारखं एकच उरलं, आणि ते खरं होतं.

"आवाज फुटेल, बुवा. वरच्या सावर… परत फुटेल."

बुवांनी काठी जवळ घेतली, त्याच्या खांद्याचा आधार घेऊन सावकाश उठले आणि त्या बसक्या आवाजात म्हणाले,

"फुटू दे. मी समोर बसतो."