सांबरशिंगाचा मान

पूर्वी मिथिलेत शिकारीचा शौकीन असा एक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या श्वानशाळेतील मुख्य कुत्रा होऊन जन्मला होता. त्याचे नाव कंबल. सिंहासनाच्या पायरीवर बसण्याचा मान त्याचा होता. शिकार साधली की राजा कुत्र्यांना सांबराचे शिंग चघळायला देई, आणि ज्याला ते मिळे तो दिवसभर शेपटी वर करून हिंडे. त्याच शिंगांवर एकेकाची दाढ फुटे. पण कोणी तसे दाखवीत नसे. जो कुत्रा अन्न टाकील तो निकामी समजून वेशीबाहेर रानात सोडावा, असा श्वानशाळेचा नियम होता. रानात बिबटे होते.

कंबलची दाढ कैक पावसाळ्यांपूर्वी फुटली होती. आता ती मुळापर्यंत सडली होती. तोंडाला घाण येई, लाळ गळे, पाणी पिताना कळ थेट मस्तकात जाई. तो मांस न चावताच गिळी आणि मग पडून राही. दुखण्यापेक्षा लपवण्यानेच तो अधिक थकला होता.

एके सकाळी तरला नावाच्या तरुण कुत्रीच्या डोळ्याखाली सूज आली. श्वानपालाने डोळा दुखावला असे समजून तो काढ्याने धुतला. सूज वाढतच गेली. मग तिच्या तोंडातून मांसाचा तुकडा गळून पडला, तेव्हा श्वानपाल म्हणाला, "उद्या हिला सोडून येतो."

म्हातारा जटिल तिच्याजवळ सरकला. "पोरी, चावू नकोस. मान वर कर आणि गिळ. आम्ही सगळे असेच जगलो."

"याला जगणं म्हणता, आजोबा?" तरला म्हणाली. "तुमच्या तोंडाचा वास इथवर येतोय. शिंग मिळालं की नाचायचं, दाढ फुटली की गप्प बसायचं. आणि आता मलाही तेच शिकवताय."

"जीभ बरी चालते तुझी."

"तेवढीच दुखत नाही." ती कंबलकडे वळली. "दादा, तुम्ही तर राजाच्या पायाशी बसता. तुमचं तरी तोंड शाबूत आहे ना?"

शाबूत आहे, हे नेहमीचे उत्तर कंबलच्या ओठांवर आले. पण तेवढे बोलण्याचेही त्राण त्याच्यात उरले नव्हते.

संध्याकाळी राजाने आपल्या ताटातला तुकडा त्याच्यापुढे टाकला. तो गिळणे कंबलला सहज जमले असते. त्याने तो उचलला आणि राजाच्या पायाशी परत ठेवला.

श्वानपाल ओशाळून म्हणाला, "महाराज, म्हातारा झाला. तरलेबरोबर यालाही सोडतो."

कंबलने राजाच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली आणि तोंड उघडले.

दुर्गंधीने राजाने मान फिरवली. मग तो पुन्हा वळला आणि बोटाने ओठ वर सारला. काळी फुटकी दाढ, लाल सुजलेली हिरडी, पू.

"हे कधीपासून सोसतोय हा?"

श्वानपाल पुढे येऊन त्या दाढेकडे पाहू लागला.

"त्या कुत्रीला आण. बाकीच्यांनाही आण."

तरलेचा डोळा धड होता. सूज फुटक्या दाढेची होती. जटिलच्या तोंडात तर एकही दात नीट नव्हता. राजा म्हणाला, "आणि मी यांना शिंगे वाटत होतो."

राजवैद्याने किडक्या दाढा उपटल्या. कंबल त्याच्या हातांत न गुरगुरता पडून राहिला. शिंगाचा मान बंद झाला, रानात सोडण्याचा नियमही गेला. पायरीवर आता दुसरा कुत्रा बसू लागला. कंबल अंगणातल्या उन्हात तोंड उघडे टाकून झोपला. असे शेवटचे कधी झोपलो होतो, ते त्यालाही आठवेना.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारातल्या एका वृद्ध भिक्षूला सांगितली. तो आपले दुखणे लपवीत असे आणि नव्याने आलेल्यांनाही तेच शिकवीत असे. एका तरुण भिक्षुणीने त्याला सर्वांदेखत टोकले होते.

शास्ते म्हणाले, "त्या जन्मीची तरला म्हणजे ही भिक्षुणी. राजा म्हणजे आपल्या आजाऱ्यांची शुश्रूषा करणारा हा स्थविर. जटिल तू होतास, आणि कंबल मी."

वृद्ध भिक्षूने हात जोडले. मग म्हणाला, "भन्ते, दुखतंय."

"कंबलने त्या संध्याकाळी एवढेच केले होते," शास्ते म्हणाले. "हीच सत्य-पारमिता, सत्याची परिपूर्णता."