वाकणपाड्याचा ताड आणि 'पुरे'

एसटीत दोन बायका बोलत होत्या. एक म्हणाली, "त्या वाकणपाड्यात पोरगा वयात आला की सख्खा मामाच त्याला ताडी पाजतो म्हणे. आणि नाही प्यायला तर..." एवढ्यात गाडी थांबली, त्या उतरून गेल्या. नाही प्यायला तर काय, हे राहूनच गेलं. येणारे पाहुणेही मला तेच विचारतात. माझं घर शेजारच्या पाड्यात आहे, कुंपणापलीकडचं सगळं ऐकू येतं आणि नाही आलं तर मी विचारून घेते. म्हणून सांगते.

पाड्याच्या तोंडाशी हा ताड बघा. ताड कसा सरळ आभाळात जातो! हा मात्र अर्ध्यातून वाकलाय, शेंडा त्या खडकावर टेकायला आलाय. खडकावर उभं राहिलं की ताडीचं मडकं हाताला लागतं.

फार पूर्वी हा सरळ होता, असं सांगतात. तेव्हा पोराला मिसरूड फुटली की त्याला ह्या ताडाखाली बसवत. मामा आणि भाचा घोटास घोट लावून मडकं संपवत. मग दोघांनी ताडावर चढायचं, पुढे मामा, मागे भाचा. चढून उतरला तो मोठा झाला. पाड्याच्या बैठकीत त्याला जागा मिळे, लग्नाची बोलणी सुरू होत. आणि मडक्यापाशी कुणी 'पुरे' म्हणायचं नाही, असा दंडकच होता. तो शब्द ताडाच्या कानावर गेला तर ताड वाळतो, अशी समजूत. ताड वाळला म्हणजे पाड्याचं पोटच गेलं.

जिवली नावाच्या विधवेचा एकुलता एक मुलगा शिणवार. त्याची पाळी आली. मामा बेंडू चढण्यात एक नंबर, पण आता वय उतरलेलं, आणि मनाचा फार हळवा. बापाविना वाढलेला भाचा मोठा झाला ह्या आनंदात तो पोराच्या वाटचेही घोट स्वतःच घेत सुटला. ऊन डोक्यावर आलं, सकाळची गोड ताडी आंबून चढू लागली. मामा उठला तो झोकांडी खाऊनच. तरी कमरेला कोयता खोचला आणि ताडाला हात घातला.

"मामा, नको चढू," शिणवार म्हणाला.

"का रं, घाबरलास? मागनं ये गुमान."

लोक हसले. मामाने पुन्हा मडक्याकडे हात नेला, "अजून एक, तुझ्या बापाच्या नावाचा."

तेव्हा शिणवारने मडकं छातीशी धरलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "मामा, पुरे."

बेंडू लालबुंद झाला. "काल माझ्या खांद्यावर मुतत होतास, आज मला पुरे सांगतोस?" शिणवार मडकं खाली ठेवून ताडाच्या बुंध्याला मिठी मारून उभा राहिला. चढायचं तर भाच्याच्या डोक्यावर पाय देऊन. मामाने पाय उचलला, पण तो टेकवेना. शेवटी तिथेच बसला आणि बसल्या बसल्या झोपी गेला.

म्हातारे चिडले. "मोठं व्हायचं राहिलं, वर ताड घालवला," म्हणाले. शिणवारला आता कोण पोरगी देणार, म्हणून जिवली रडत घरी गेली.

सकाळी सगळे झाड वाळलं का बघायला आले. ताड हिरवागार होता, पण खडकावर असा वाकलेला! बेंडूमामा ठणकतं डोकं धरून खडकावर चढला, शेंड्याला बांधलेल्या मडक्यात हात घातला. काठोकाठ भरलेलं, मधासारखं गोड. त्याने पहिली ओंजळ भाच्याला दिली.

"माझं वय झालं ते ह्या ताडाला कळलं," मामा म्हणाला, "आणि ह्या गाढवाला त्याच्याही आधी." त्यावर म्हाताऱ्यांनीच शिणवारला बैठकीत जागा करून दिली.

कुणी सांगतात, वादळाने वाकला. सांगोत बापडे.

आजही वाकणपाड्यात पोरं वयात आली की ह्या खडकापाशी जमतात, आताशा पोरीसुद्धा. पण मडकं त्यांच्या हातात असतं. पीत असतो मामा. भाच्याने वाढायचं, मामावर नजर ठेवायची आणि योग्य वेळी सगळ्यांसमोर 'पुरे' म्हणायचं. मामाने अक्षर न बोलता द्रोण पालथा घालायचा. मग तो भाच्याला एक ओंजळ देतो. ती गोडच असते असं मी शपथेवर नाही सांगणार, ऊन वर आलेलं असतं. म्हणजे मामा पाजतो हे खरं. पण नाही प्यायलं तर काही होत नाही. 'पुरे' म्हणता आलं नाही तर मात्र पुढच्या वर्षी पुन्हा यायचं.

पोरांना धीर होत नाही हो. आयुष्यभर ज्याच्यापुढे मान खाली, त्याला अडवायचं कसं? गेल्या साली सुमन नावाची पोरगी नुसती ओठ हलवत राहिली, आवाजच फुटेना. तिचा मामा ट्रक चालवणारा, एका घोटात द्रोण संपवणारा माणूस. पण मी बघत होते ना, तो घोट लहान करत गेला, आणखी लहान, शेवटी तर नुसता द्रोण ओठाला लावून बसला, वाट बघत.